वाऱ्याची रुजुवात

चक्रीवादळाची वर्दी दोन-चार दिवस आधीपासून वर्तमानपत्रांत गाजत असते, बंदरावर बावटा चढलेला असतो, मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर खडूने ताकीद लिहिलेली असते, आणि अशा दिवशी कयाक घेऊन समुद्रात उतरण्याइतका अविचारी मनुष्य किनाऱ्यावर शोधूनही सापडत नाही. सबब कयाकमध्ये बसून गरवणाऱ्याने ज्या दिवसाचे भय बाळगावयाचे, तो दिवस वादळाचा नसून, कोणताही इशारा नसलेला, आकाश निरभ्र असलेला, किनाऱ्यालगतचे पाणी स्वस्थ असलेला, आणि सुरमई लागल्याची बातमी आदल्या रात्रीच कानावर आलेला असा सर्वांगसुंदर दिवस होय. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यत्वे हा दिवस आहे. गेल्या काही वर्षांत अलिबागपासून मालवणपर्यंत आणि पुढे गोव्यात, शनिवार-रविवारची सुटी गाठून, मोटारीच्या टपावर कयाक बांधून येणारी हौशी मंडळी दृष्टीस पडू लागली आहेत. त्यांतील पुष्कळांचे रीळ, गळ, तंगूस आणि आमिष यांविषयीचे ज्ञान एखाद्या शास्त्र्याला शोभेल असे असते, परंतु वारा कोठून वाहतो आहे असे विचारले, की ते मोबाइलच्या पडद्याकडे पाहतात, माडाच्या शेंड्याकडे पाहत नाहीत. पडद्याकडे पाहणे गैर नव्हे. तेथे काय वाचावे आणि वाचलेल्यावर कितपत विसंबावे, हे मात्र ठाऊक हवे.

प्रथम आपल्या वाहनाची पायरी ओळखावी. कोकणातल्या जुन्या धाटणीच्या लहान होडीला एका अंगाने उलांडी असते आणि ती होडीला कलंडू देत नाही; कयाकला उलांडी नाही, आणि बहुतेकांच्या कयाकला यंत्रही नाही. साधारण प्रकृतीचा मनुष्य स्थिर पाण्यात, दम न लागता, तासाला पाच किलोमीटरांच्या आसपास वल्हवतो. समोरून पंधरा नॉटचा वारा आला (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), की हाच वेग सहज निम्म्यावर येतो, आणि वल्हे मांडीवर ठेवून पाण्याचा घोट घेण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात कष्टाने कापलेले अंतर वारा पुन्हा वसूल करून घेतो. शिवाय वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, दहा नॉटचा वारा वीस नॉट झाला म्हणजे त्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. यावरून निघणारा पहिला नियम असा की, अंतराचा हिशेब जाण्याच्या वेळेवरून कधीही करू नये. जी जागा अर्ध्या तासात गाठली, तेथून परतीस वाऱ्याविरुद्ध एक तास, आणि चार तास उन्हात बसून दंड आंबले असतील तर त्याहूनही अधिक, असे धरून चालावे. हौशी माणसाने किनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरांच्या पुढे जाण्याचे कारण क्वचितच असते, आणि जे असते ते मासळीचे असते, म्हणजे विश्वासार्ह नसते.

आता सरकारी इशाऱ्याविषयी. भारतीय हवामान खाते मच्छीमारांसाठी रोज जी पत्रके काढते, ती अत्यंत मोलाची आहेत. परंतु ती कोणासाठी लिहिलेली असतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. समुद्रात जाऊ नये असा इशारा साधारणतः वारा ताशी ४०-४५ किलोमीटरांच्या पुढे जाण्याचा संभव असेल तेव्हा दिला जातो, कारण तो ट्रॉलरच्या आणि यांत्रिक नौकेच्या शक्तीचा विचार करून दिलेला असतो. कयाकची मर्यादा याच्या निम्म्यावरच संपते. ताशी २०-२२ किलोमीटरांचा वारा ज्या दिवशी वाहणार आहे, त्या दिवशी खाते काही बोलणार नाही, बंदरावर बावटा चढणार नाही, आणि तरीही कयाकवाल्याने घरी बसणे इष्ट असेल. इशारा असेल तर जाऊ नये, हे खरे. इशारा नाही म्हणून जावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

डोळ्यांनी वारा मोजण्याची सोय फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली करून ठेवलेली आहे आणि तिला अद्याप तोड निघालेली नाही. त्याच्या मापनपद्धतीतील तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ७ ते १० नॉटला, लाटांचे माथे तुरळक फुटू लागतात. चौथ्या पायरीवर, ११ ते १६ नॉटला, जिकडे पाहावे तिकडे पांढरे तुरे दिसतात. पाचव्या पायरीवर, १७ ते २१ नॉटला, तुऱ्यांची गणतीच करता येत नाही. नवशिक्याने पहिला पांढरा तुरा दिसताच परत फिरावे, मुरलेल्या गड्याने चौथ्या पायरीच्या आरंभी फिरावे, आणि पाचव्या पायरीच्या वाटेस कोणीच जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइलवरील अंदाज वाचताना सरासरी वेगाचा आकडा सोडून झोताचा आकडा पाहावा, कारण कयाक उलटते ती सरासरीने नव्हे. हे अंदाज ज्या गणिती प्रतिकृतींवरून काढले जातात, त्या किनाऱ्याचे कित्येक किलोमीटरांचे चौकोन पाडून प्रत्येकासाठी एकच आकडा देतात. तुमचा डोंगर, तुमची खाडी आणि तुमची पुळण यांची त्यांना खबर नसते. दोन प्रतिकृतींचे एकमत असेल तर जरा विसावावे. मतभेद असेल, तर जी अधिक वाईट सांगते ती त्या दिवसापुरती खरी मानावी.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांवर प्रश्न हमखास येत असे, आणि उत्तरपत्रिका देऊन झाल्यावर आपण ते विसरूनही जात असू. कोकणच्या किनाऱ्यावर गरवणाऱ्याचा सारा दिवस या दोन वाऱ्यांच्या अंमलाखाली असतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, तिच्यावरची थंड, जड हवा समुद्राकडे वाहू लागते, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात हा मतलई वारा पहाटेपासून नऊ-दहा वाजेपर्यंत चांगलाच बोचरा असतो. यातील सापळा असा आहे की किनाऱ्यावर उभे राहिलेल्या माणसाला तो धड जाणवत नाही. पाठीशी माडांची बने असतात, त्यामागे डोंगर असतो. वारा त्यांच्या माथ्यावरून निघून जातो आणि किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याला टेकतो. त्यामुळे पुळणीवरून पाहिले तर समुद्र निजलेला दिसतो, लाट फुटत नाही, कयाक विनासायास तरंगते, आणि पुढे वारा जसजसे अधिक पाणी घासत जातो तसतशी लाट वाढत जाते, ती मात्र आपल्याला पाठमोरी असल्यामुळे तिचे उभे तोंड दिसत नाही. जाताना आपण नेहमीपेक्षा वेगाने चाललो आहोत असे वाटले, तर तो आपल्या दंडांचा गुण समजू नये. खाडीच्या मुखापाशी हाच वारा नदीच्या दरीतून नळीतून फुंकल्यासारखा बाहेर येतो, म्हणून तेथे तो दुप्पट जपून घ्यावा.

याची परीक्षा सोपी आहे आणि ती दर वेळी घ्यावी. किनाऱ्यापासून पाचशे मीटरांवर गेल्यावर, गळ न टाकता, कयाक सरळ किनाऱ्याकडे वळवावी आणि पाच मिनिटे नेहमीच्या जोराने वल्हवावे. मग वल्हे उचलून धरावे आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकीमागे एक धराव्यात: देवळाचा कळस आणि त्यामागचा मोबाइलचा मनोरा, अथवा एखादे कौलारू घर आणि मागच्या डोंगराची खिंड. त्या खुणा एकमेकींपासून किती झपाट्याने सरकतात, त्यावरून आडवे वाहून जाणे कळते. घराची कौले मघापेक्षा ठळक दिसतात की पुसट, यावरून आपण किनाऱ्याला जवळ आलो की नाही ते कळते. दहा-बारा नॉटच्या वाऱ्यात आडवी सोडलेली कयाक तासाला दीड-दोन किलोमीटर सहज वाहून जाते, आणि गळाला मासा झुंजत असताना ती नेमकी आडवीच असते. पाच मिनिटांच्या श्रमाचे फळ खुणांवर दिसत नसेल, तर आदल्या रात्री बांधलेले सर्व मनसुबे रद्द समजून तसेच परत यावे.

नऊ-दहाच्या सुमारास मतलई वारा पडतो, आणि मग अर्धा-पाऊण तास समुद्र असा काही निवांत होतो की माणसाला घड्याळाचा विसर पडावा. हा अवकाश परतीसाठी आहे. तोपर्यंत जमीन तापलेली असते, अकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो, आणि मार्च ते मे या महिन्यांत दुपारी दोन-तीनपर्यंत तो पंधरा नॉटांच्या घरात किंवा त्यापुढे जातो. तो जमिनीकडे ढकलतो, हे त्याचे एक पुण्य. परंतु पुळणीवर फुटणाऱ्या लाटा वाढवून उतरणे अवघड करतो, आणि सकाळी दक्षिणेकडे गेलेल्याला उत्तरेकडे परतताना तोंडावर येऊन छळतो. म्हणून या दिवसांत सकाळी उत्तरेच्या अंगाला जावे म्हणजे खारा वारा लवकर धरला तरी त्याच्याच संगतीने दक्षिणेकडे उतरत येता येते. अकरापर्यंत कयाक वाळूवर असावी.

ऑक्टोबरचा धोका याहून वेगळा आणि माझ्या मते सर्वांत अधिक दुर्लक्षिलेला आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईच्या परिसरातून साधारणतः ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. ऊन रखरखीत होते, हवेत दमटपणा भरपूर राहिलेला असतो, आणि दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांचे मनोरे चढू लागतात. या काळात वरच्या थरांतील वारे बहुधा पूर्वेकडून वाहत असल्यामुळे हे गडगडाटी ढग घाट उतरून सायंकाळी किनाऱ्याकडे येतात. म्हणजे संकट समुद्राकडून येत नाही, पाठीमागून येते; आणि गरवणारा तर पश्चिमेकडे तोंड करून, मावळतीच्या सोनेरी पाण्यावर नजर लावून बसलेला असतो. पावसाच्या आधी ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पुढे धावते. तिचा झोत काही मिनिटांत शून्यावरून पंचवीस-तीस नॉटांवर जाऊ शकतो, आणि त्याची दिशा किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे असते. म्हणून जुना तांडेल ऑक्टोबरात होडी लोटण्यापूर्वी समुद्राकडे पाठ करून घाटाकडे पाहत उभा राहिलेला दिसतो, तेव्हा त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारीत बसू नये; तो काय पाहतो आहे ते आपणही पाहावे.

विजेसंबंधी एक हिशेब येथेच मांडतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीनने भागले म्हणजे तिचे अंतर किलोमीटरांत येते. अंतर तीस सेकंदांच्या आत आले, म्हणजे दहा किलोमीटरांच्या आत आले, की आसरा गाठावा, असा सर्वमान्य दंडक आहे. तो जमिनीवरच्या माणसासाठी ठीक आहे. गडगडाटी ढग ताशी तीस-चाळीस किलोमीटरांनी येत असेल, तर दहा किलोमीटर यायला त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात, वारा विरुद्ध नसतानासुद्धा, कयाक दीड किलोमीटर जाते. तेव्हा कयाकवाल्याने गडगडाटाची वाट पाहूच नये. घाटावरच्या ढगाचा माथा फुलकोबीसारखा फुगून वर सपाट पसरू लागला, एवढी सूचना पुरेशी समजून निघावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची खबर देते. ते मोबाइलमध्ये असावे. गरवण्याच्या कार्बनच्या काठीतून वीज उत्तम वाहते, हे लक्षात ठेवून वीज जवळ असताना काठी उभी न ठेवता आडवी निजवावी.

वाऱ्याइतकीच लांबून आलेल्या लाटेची दखल घ्यावी लागते. समुद्रावरची प्रत्येक लाट त्याच ठिकाणच्या वाऱ्याने उठवलेली नसते. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडील वायव्य वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून रत्नागिरी-गोव्यापर्यंत येतात, तर एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण महासागरातील वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून, येथे पानही हलत नसताना, किनाऱ्यावर आदळतात. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या लाटांचा अंदाज रोज प्रसिद्ध करते. त्यात लाटेची जी उंची दिलेली असते, ती सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. एक मीटर उंची लिहिली असेल, तर अधूनमधून जवळजवळ दोन मीटरांची लाट येणार, हे त्यात गृहीत आहे. दुसरा आकडा दोन लाटांमधील सेकंदांचा, आणि नवखे लोक नेमका तोच सोडून देतात. पाच-सहा सेकंदांची लाट वाऱ्याची, आखूड, कटकटी करणारी. चौदा-पंधरा सेकंदांची लाट दुरून आलेली, खोल पाण्यात कयाकला नुसती वर उचलून अलगद खाली ठेवणारी, आणि उथळ पाण्यात शिरताच अंगातले सगळे बळ एकदम बाहेर काढणारी. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वा-दीडपट उरली की लाट फुटते. अशा लाटा जथ्याने येतात, आणि दोन जथ्यांमध्ये पाच-दहा मिनिटांची शांतता असू शकते. ती शांतता पाहून जो कयाक लोटतो, तो जथ्याच्या तोंडी सापडतो. म्हणून पुळणीवर पोहोचल्यावर सामान उतरवण्याआधी निदान पंधरा मिनिटे नुसते बसून फुटणाऱ्या लाटा मोजाव्यात. पंधरा मिनिटे बसण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याने गरवण्याचा छंद का धरला, हे मला कोडेच आहे.

भरती-ओहोटीचा जाबता आपल्याकडे पंचांगातच मिळतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, आणि तेथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा मुंबईकडचा ढोबळ ठोकताळा आहे. ठिकाणागणिक फरक पडतो, म्हणून त्या त्या बंदराच्या भरतीच्या कोष्टकाशी त्याची रुजुवात घालावी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईकडे पाण्याची चढउतार चार मीटरांच्या पुढे जाते, गोव्याकडे ती दोन मीटरांच्या आसपास असते. अष्टमीच्या सुमारास भांगेचे पाणी मंद असते. सहा तासांच्या ओहोटीत मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मे पाणी निघून जाते, म्हणून प्रवाहाचा जोर त्या दोन तासांत पराकोटीचा असतो.

खुल्या पुळणीवर हे ज्ञान सोयीपुरते आहे, खाडीच्या मुखावर ते प्राणापुरते आहे. देवबागला कर्ली नदी समुद्रास मिळते तेथे, किंवा आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी, वाळूचे दांडे आहेत. मांडवीच्या मुखावरून तर पावसाळ्यात बार्जेसची वाहतूकसुद्धा बंद ठेवावी लागते. बाहेर जाणारे ओहोटीचे पाणी आणि समोरून येणारी समुद्राची लाट, अथवा खारा वारा, यांची अशा दांड्यावर गाठ पडली, म्हणजे लाटेची लांबी आखडते, तोंड उभे होते आणि ती जागच्या जागी फुटू लागते. शंभर मीटरांवर आत आणि शंभर मीटरांवर बाहेर पाणी निवांत असते, आणि मध्ये हा पट्टा धुमसत असतो. दुर्दैवाने जिताडाही ओहोटीलाच खाडीच्या तोंडाशी भक्ष्यासाठी येतो. त्याच्यासाठी जायचेच असेल, तर भांगेचा दिवस निवडावा, भरती संपतानाच्या स्थिर पाण्यात दांडा ओलांडून आत यावे, आणि आतल्या बाजूला गरवावे. ओहोटी सुरू असताना दांडा ओलांडण्याची पाळी आलीच, तर ओलांडू नये. बाहेर थांबून पाणी फिरण्याची वाट पाहावी किंवा शेजारच्या पुळणीवर उतरून कयाक ओढत न्यावी. पाय दुखतील.

वर्षाचे वेळापत्रक थोडक्यात सांगता येईल. पावसाळा सोडून द्यावा. १ जून ते ३१ जुलै ही पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, आपल्याला ती लागू नाही, अशी वकिली करून कोणी समुद्रात गेला तर लाटा तो युक्तिवाद नामंजूर करतात. नारळी पौर्णिमेनंतरही महिना-दीड महिना पुळणीवरची लाट भारी असते. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा उत्तम काळ, मार्च-एप्रिलमध्ये फक्त सकाळ. अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दोन हंगाम, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, यांत रोजचे पत्रक चुकवू नये. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, त्यापूर्वी रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या समुद्रात त्याने घेतलेले बळी कोकण विसरलेले नाही. ‘क्यार’ तर ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या किनाऱ्यावर आलेच नाही, तरी त्याच्या लाटांनी देवगड-मालवणच्या पुळणी धुऊन काढल्या. वादळ दूर गेले, ही बातमी लाट उतरल्याची बातमी नव्हे.

इतकी खबरदारी घेऊनही कयाक केव्हातरी उलटेल, असे धरूनच सामानाची तजवीज करावी. जीवरक्षक जाकीट अंगात असावे, पायाशी नव्हे; उलटलेल्या कयाकपासून ते वाऱ्याबरोबर निघून जाते. वल्हे दोरीने कयाकला बांधलेले असावे. शिट्टी जाकिटाला, सुरी हाताच्या टप्प्यात, मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि तो अंगावर, कयाकच्या कप्प्यात नव्हे. पोकळ अंगात पाणी शिरले आहे का, हे निघण्यापूर्वी बूच उघडून पाहावे. आत साठलेले पाणी एका अंगाला धावते आणि शांत समुद्रातही कयाक कलंडवते. बसलेल्या माणसाची नजर पाण्यापासून जेमतेम पाऊण-एक मीटरवर असल्यामुळे त्याचे क्षितिज तीन-साडेतीन किलोमीटरांवर संपते, आणि ट्रॉलरच्या सुकाण्यावरून लाटांच्या खळग्यातला मनुष्य दिसत नाही. म्हणून उंच काठीवर नारिंगी निशाण लावावे, आणि पहाटे वा संध्याकाळी दिवा. नांगराचा दोर कयाकच्या बगलेला कदापि बांधू नये. प्रवाह बाजूवर धरला की ती क्षणात पालथी होते. तो नाळेवर किंवा मागच्या टोकावर न्यावा, एका झटक्यात सुटेल असा बांधावा, आणि टोकाला तरंगणारा बोया ठेवावा, म्हणजे नांगर सोडून देताना मन कचरत नाही. पाकट किंवा शिंगाळा लागला तर तंगूस कापून टाकावी. त्यांचा काटा मांडीत घेऊन तीन किलोमीटर वल्हवता येत नाही.

उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढण्याचा सराव खाडीच्या शांत पाण्यात, छातीपेक्षा खोल जागी, सोबत्याच्या देखरेखीखाली करावा. कयाक पालथी पडली आहे, तिचे निसरडे पोट वर आहे. तिच्या मध्यावर आडवे जाऊन पलीकडची कड किंवा पट्टा दोन्ही हातांनी धरावा, गुडघे अलीकडच्या कडेवर टेकावेत आणि सगळे वजन मागे टाकावे, म्हणजे ती आपल्या अंगावर सरळ होते. मग बसण्याच्या जागेसमोर येऊन पाय पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वर आणावेत, कारण पाय खाली लोंबत असताना केवळ हातांच्या बळावर वर चढता येत नाही; पाय झाडीत पोट कयाकवर सरकवावे, बेंबी मध्यावर आली की कुशीवर वळून बूड जागेवर टेकवावे, आणि सर्वांत शेवटी पाय आत घ्यावेत. उभे राहण्याची घाई केली की पुन्हा पाण्यात. अंगात जाकीट, खिशात चिमटे, पायात बूट, अशा पूर्ण पेहरावात हे लागोपाठ तीनदा जमल्याशिवाय खुल्या समुद्राचे नाव काढू नये. पोहता येते, ही सबब येथे चालत नाही. आपल्याकडचे पाणी उबदार असते हे खरे, तथापि जानेवारीच्या पहाटे भिजलेल्या अंगाला मतलई वारा लागला की बोटे इतकी आखडतात की पट्टा धरवत नाही.

राहिला प्रश्न निर्णयाचा. समुद्रावर, हाती काठी वाकलेली असताना, मनुष्याची विवेकबुद्धी फारशी कामाची राहत नाही. म्हणून निर्णय किनाऱ्यावर, आदल्या रात्री, कागदावर करावा. किती नॉटला जायचे नाही, किती सेकंदांच्या आणि किती मीटरांच्या लाटेला उतरायचे नाही, कितीला परत फिरायचे, हे तीन-चार ओळींत लिहून काढावे आणि समुद्रावर त्यात सवलतीच्या दिशेने दुरुस्ती करू नये. कडक करण्याची मुभा सदैव आहे. सोबत दुसरी कयाक असेल, तर दोघांपैकी जो अधिक भित्रा त्याचा शब्द शेवटचा मानावा, आणि त्यावरून नंतर त्याची थट्टा करू नये, नाहीतर पुढल्या खेपेस तो गप्प बसेल.

आणि किनाऱ्यावर एक माणूस नेमावा. कोठून उतरणार, कोणत्या अंगाला जाणार, कयाकचा आणि जाकिटाचा रंग, मोटारीचा क्रमांक आणि ती कोठे उभी आहे, आणि ज्या वेळेनंतर आपला पत्ता नसेल तर हालचाल करायची ती वेळ, एवढा तपशील त्याच्याकडे लेखी असावा. उपग्रहाद्वारे संदेश देणारी परदेशी यंत्रे आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, तेव्हा भिस्त मोबाइलवर आणि या माणसावरच आहे. ठरलेल्या वेळेला त्याने फोन करावा; अर्ध्या तासात उत्तर नाही, तर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ किंवा सर्वसाधारण मदतीचा ११२ हा क्रमांक लावावा, आणि त्याच वेळी गावातल्या मच्छीमार सोसायटीत किंवा ओळखीच्या तांडेलाकडे वर्दी द्यावी, कारण सरकारी नौका येईतो गावची होडी पोहोचलेली असते. अंधार पडण्याची वाट पाहण्यात हयगय होते. उजेडाचा शेवटचा तास शोधासाठी राखून ठेवावा. परत आल्यावर कयाक वाळूवर ओढण्यापूर्वी आणि सुरमईसोबत छायाचित्र काढण्यापूर्वी या माणसाला फोन करावा. आपण खानावळीत जेवत बसलो आहोत आणि चार होड्या आपल्याला समुद्रात शोधीत आहेत, असे एकदा घडले, की त्या गावचे तांडेल पुढच्या वर्दीला होडी लोटण्यापूर्वी जरा थांबतील, आणि तेव्हा समुद्रात कदाचित दुसराच कोणी असेल.